छावणीचा ताप आणि न आलेला अहवाल

पुण्यातल्या एका आरोग्य संशोधन संस्थेनं आमच्या महिला दूध संस्थेच्या सभासदांना फसवलं. प्रश्न आमचा नेला, रक्त आमचं नेलं, आणि उत्तर स्वतःकडे ठेवून घेतलं. हे सुरुवातीलाच लिहून टाकते, म्हणजे बाईंनी गोड बोलत बोलत शेवटी सुरी काढली असं कुणी म्हणायला नको. त्या संस्थेचं नाव छापता येणार नाही असं संपादकांनी कळवलंय. बरं. अंक निघाला की एक प्रत मी त्या पत्त्यावर स्वतःच्या खर्चानं पाठवणार आहे.

मी गेवराई तालुक्यातल्या एका गावाच्या महिला दूध संस्थेची सेक्रेटरी होते. त्याआधी शेळ्यांचा व्यापार केला. आमच्या घराला जमीन नव्हती, शेळ्या होत्या. नवऱ्याला उन्हात चक्कर यायची, म्हणून बाजार मीच करायचे. जनावरांच्या बाजारात दलाल एकमेकांचा हात रुमालाखाली धरतात आणि बोटं दाबून भाव सांगतात, बाजूच्याला कळत नाही. बाईचा हात रुमालाखाली धरायला ते लाजायचे. मग मी भाव मोठ्यानं, चार माणसांत सांगायला लागले. सगळ्यांसमोर बोललेला भाव कुणाला फिरवता येत नाही, हे मला तिथं कळलं. दहावी मी लग्नानंतर बाहेरून केली. पुढं अनुदानाचे अर्ज लिहायचं काम अंगावर आलं तेव्हा उपयोगी पडला तो बाजारच. दहावीचा उपयोग अर्जाखाली सही करण्यापुरता झाला.

अर्जांकडे वळायचं कारण दुष्काळ. विहिरी आटल्या, चारा संपला, आणि संस्थेच्या कॅनमध्ये दूध कमी आणि हवा जास्त यायला लागली. मग एका सहकारी सोसायटीनं माळावर चारा छावणी उघडली. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, छावणी म्हणजे जनावरं एका जागी आणून बांधायची, सरकारच्या मदतीतून त्यांना ऊस, पेंड आणि टँकरचं पाणी द्यायचं. जनावर तिथं म्हणजे माणूसही तिथंच. पुरुष कामाच्या शोधात बाहेर गेलेले, म्हणून छावणीत बायका राहिल्या. दावणीला लागून दावण, चुलीला लागून चूल. बौद्ध, धनगर, मराठा, सगळ्यांचं शेण एका ढिगात. गावात जे इतक्या वर्षांत झालं नव्हतं ते गायींच्या निमित्तानं झालं.

रुक्मिण ही धनगराची बाई. तिचा नवरा मेंढरं घेऊन गंगथडीला, म्हणजे गोदेच्या काठाला, गेलेला, आणि ती दोन गायी घेऊन छावणीत. तिच्या शेजारच्या दावणीला कला, माझ्या भावकीतली. दोघींचं इतकं जमलं की एकीच्या चुलीवर दोघींचा चहा. उन्हाळा सरत आला तशा छावणीतल्या गायी गाभडायला लागल्या. दिवस भरायच्या आत वासरू पडायचं, मेलेलं. वासरामागची वार आत अडकायची, आणि ती काढायला बाईचा हात लागायचा. हातमोजे वगैरे आमच्याकडे कुठले. रुक्मिणचा हात सगळ्यांत हलका, म्हणून जिची गाय अडली तिची हाक रुक्मिणला.

पाऊस पडला, छावणी उठली, सगळ्या घरी गेल्या. नंतर ताप सुरू झाला. सकाळी बाई बरी, दिवस कलला की अंग तापायचं, घामानं लुगडं भिजायचं. कंबर धरायची, मांडीचा सांधा दुखायचा. दोन आठवडे ताप, एक आठवडा बरं, परत ताप. सरकारी दवाखान्यात एकीला मलेरिया सांगितला, एकीला टायफॉइड, एकीला अशक्तपणा. रुक्मिणला सांगितलं, काही नाही, मनावर घेऊ नका.

ती माझ्याकडं येऊन ओट्यावर बसली. म्हणाली, "शेक्रेटरबाई, मनावर कसं घिऊ न्हाई? मन खाली ऱ्हातंय का कंबरंच्या? दुकतंय तर कंबरंत."

आमच्या गावाला येणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं की ज्या जंतूनं गायी गाभडल्या त्याच जंतूनं माणसाला असा ताप येतो. नाव ब्रुसेला. वार हाताळल्यानं येतो, कच्च्या दुधानं येतो. रक्त तपासलं तर कळतं, आणि दोन औषधं निदान सहा आठवडे न चुकता घेतली तर बरा होतो. मी तडक सरकारी दवाखान्यात गेले. तिथला डॉक्टर पोरसवदा आणि भला होता. म्हणाला, "ताई, तपासणी इथं होत नाही. आणि अहवाल हातात असल्याशिवाय एवढ्या जड गोळ्या इतके दिवस मी देणार नाही. क्षयाच्या औषधातली एक आहे त्यात." त्याचं चुकलं नव्हतं. बीडला खाजगी तपासणी व्हायची, पण इतक्या जणींचा खर्च आम्हाला झेपणारा नव्हता. म्हणजे सगळं येऊन अडलं एका अहवालावर. प्रत्येक बाईचा, तिच्या नावाचा.

तिथून मी अनुदानाच्या मागं लागले.

हा धंदा कसा चालतो ते सांगते, कारण बाहेरच्याला वाटतं की गरज असली की पैसे मिळतात. देशात आणि परदेशात अशा संस्था आहेत ज्या गावपातळीवरच्या आरोग्याच्या अभ्यासाला लहान अनुदान देतात. लहान म्हणजे त्यांच्या दृष्टीनं लहान, आमच्या दृष्टीनं संस्थेची इमारत उभी राहील एवढं. त्यासाठी प्रस्ताव लिहायचा. प्रस्तावात तुमचा प्रश्न काय, तुम्ही तो कसा सोडवणार, खर्च किती, आणि गावाचा सहभाग किती, हे यायला हवं. सहभाग हा शब्द जितक्या वेळा येईल तितका बरा. पण खरी गोम अशी की प्रश्न तुमचा चालत नाही. त्यांचा त्या वर्षीचा विषय ठरलेला असतो, आणि तुमची शेळी त्या विषयाच्या दारात नेऊन बांधायची असते.

पहिल्या वर्षी त्यांचा विषय होता पोषण. मी लिहिलं, तापामुळे बायका जेवत नाहीत. नापास. पुढच्या वर्षी विषय हवामान बदल. मी लिहिलं, पाऊस नाही म्हणून छावणी, छावणी म्हणून ताप. यात एक अक्षर खोटं नव्हतं, तरी नापास. कारण कळवलं की दुवा पुरेसा स्पष्ट नाही. दुवा रुक्मिणच्या कमरेत होता, तो टपालानं कसा पाठवणार? त्यानंतर विषय आला मानसिक आरोग्य. मी सरळ विचारणा केली की ताप आलेल्या बाईला वाईट वाटतं, एवढं पुरेल का? त्याचं उत्तर आलं नाही.

फोनवर अनुदान देणाऱ्यांच्या मुंबईच्या एका मॅडम असायच्या. आवाज गोड. त्यांनी एकदा विचारलं, "ताई, तुमच्या कामातून बदल कसा घडेल, त्याची साखळी मांडा ना."

मी म्हटलं, "रक्त तपासायचं, गोळी द्यायची, बाई उठून उभी राहील."

"ते झालंच, पण त्यानंतर?"

"त्यानंतर ती मेंढरामागं जाईल, मॅडम. तिला दुसरं काम काय हाय?"

मॅडमना हे फार आवडलं. त्यांनी लिहून घेतलं, आणि तो प्रस्तावही नापास झाला.

एकदा त्यांच्यातलेच एक साहेब गाव पाहायला आले. आमच्या दुधाच्या खोलीत पंखा नव्हता, म्हणून त्यांनी खोली बाहेरूनच पाहिली. मग म्हणाले, जवळपास कपिलधारचा धबधबा आहे म्हणे, तो पाहून होईल का. जवळ कसला, पण गाडी त्यांची होती. मी म्हटलं, चला. मांजरसुंब्याला ढाब्यावर जेवले, कपिलधारला पोचले, तर कड्यावरून पाण्याची एक सुतळीसुद्धा खाली येत नव्हती. साहेब हिरमुसले. म्हणाले, "इथं पाणी नसतं का?" मी म्हटलं, "साहेब, प्रस्तावाच्या पहिल्या पानावर तेच लिहिलंय." त्यांचा अभिप्राय काय गेला ठाऊक नाही, पण पुढं कळवण्यात आलं की दूध संस्था ही संशोधन करणारी संस्था नाही, तेव्हा पदवीधर संशोधक असलेली एखादी भागीदार संस्था शोधा.

ती भागीदार म्हणजेच ही पुण्याची संस्था. तिचे संचालक डॉक्टर. उंच, हसरे, बोलताना समोरच्याच्या नावाला 'जी' लावणारे. मी त्यांच्या कचेरीत गेले ती बाजारात जायच्या तयारीनं. ते म्हणाले अर्जावर मुख्य नाव आमचं राहील. म्हटलं, ठेवा. अनुदान आमच्या खात्यात येईल. म्हटलं, घ्या. लेख आम्ही लिहू. म्हटलं, खुशाल लिहा. त्यांना वाटलं असणार सौदा स्वस्तात पटला. मग मी माझा भाव सांगितला. "प्रत्येक बाईचा अहवाल तिच्या हातात. महिन्याच्या आत. बाकी काही नको."

संचालक म्हणाले, "अहो ताईजी, हे काय मागणं झालं? ते तर आमचं कर्तव्य."

मी म्हटलं, "कर्तव्य नको. शब्द द्या. आणि इथं नको, आमच्या गावात, बायकांसमोर द्या."

ते आले, आणि समाजमंदिरात सतरंजीवर बसलेल्या बायकांसमोर त्यांनी मोठ्यानं शब्द दिला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या वर्षी प्रस्ताव पास झाला. लिहिणारी मी, प्रश्न रुक्मिणचा, अर्जावर नाव त्यांचं. मला त्याचं दुःख नव्हतं. सौदा मी स्वतः केला होता.

रक्त घ्यायला पुण्याहून गाडी आली. दोन नर्स, एक बर्फाची पेटी आणि नळ्यांचे ट्रे. नर्स नाव पुकारायची, बाई पुढं यायची, हात द्यायची, चहा प्यायची आणि जायची. दुपारपर्यंत उरकलं. मला वाटलं, जिंकलो.

आठवड्यानं रुक्मिण वाटेत भेटली. मी विचारलं, "सुई दुखली का गं?"

"मला कावून दुकंल? मी मेंढरं घिऊन रानातल्या वाड्यावर गेलते. कलीनं दिलं की माझं."

"काय दिलं?"

"रगत. माझं नाव निगालं तवा कली उटली. तिनं तिचं बी दिलं आन माझं बी दिलं. लई गुणाची हाय."

मी कपाळ धरून बांधावर बसले. तुम्ही हसाल, पण यात हसण्यासारखं काही नाही. आमच्या बायकांनी प्रत्येक दुष्काळात रोजगार हमीची खडी फोडली आहे. तिथं सकाळी मुकादम नावं पुकारतो. कुणाचं पोर आजारी असलं, कुणी पाण्याला गेलेली असली, की शेजारीण तिच्या नावाला 'हाय' म्हणते, आणि तिच्या वाटची खडीसुद्धा फोडते. ही चोरी नव्हे. ही एकमेकीला धरून राहायची रीत. तिच्याशिवाय ते दुष्काळ निघाले नसते. नाव पुकारलं गेलं आणि मैत्रीण हजर नाही, तर तिची हजेरी बुडू द्यायची नाही, एवढंच कलाला ठाऊक होतं.

मी कलाला गाठलं. ती उलट माझ्यावरच चढली. "मंग काय तिला गैरहजर पडू दिऊ? नर्सबाई म्हनली, रगत न्हाई दिलं तर कागुद येनार न्हाई. म्हनून दिलं. दोनदा टोचून घेतलं मी, आन तू मलाच बोल!"

बोलून उपयोग नव्हता. मी घरोघर फिरले, प्रत्येकीला विचारलं. आणखी तीन-चार जणींनी तसंच केलं होतं. मी संचालकांना फोन लावून सगळं खरं सांगितलं. लपवता आलं असतं, पण चुकीच्या बाईला गोळ्या गेल्या असत्या. ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत ताईजी. त्या बायकांना पुन्हा बोलवून घेऊ." मी वाट पाहिली नाही. त्यांचा माणूस बीडला येणार होता, त्या दिवशी मी त्या सगळ्यांना टेम्पोत घालून बीडला नेलं. रुक्मिणचं रक्त माझ्या डोळ्यांसमोर काढलं. नळीवर तिचं नाव त्या माणसानं लिहिलं आणि मी वाचलं. ते रक्त रुक्मिणचंच होतं, याला साक्षीदार मी आहे.

महिना गेला. फोन केला, पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात केला, यंत्र बंद आहे. मग साहेब परदेशी. मग अहवाल तयार आहेत, फक्त सही बाकी. इकडे रुक्मिण दर बाजाराच्या दिवशी विचारायची, "आला का माझा कागुद?" मी म्हणायचे, येतोय. बीडच्या खाजगी तपासणीला तिला घेऊन जाते म्हटलं तर ती म्हणायची, "येतोय म्हनतीस, मंग दोनदा पैसे कावून घालवू?" हा हिशेब मीच तिला शिकवलेला. जनावर एकदाच विकत घ्यायचं.

असं वर्ष उलटलं. मग एक पत्र आलं. नमुन्यांमध्ये नावांची अदलाबदल झाल्याचं निदर्शनास आल्यामुळे वैयक्तिक अहवाल देणं उचित होणार नाही. निदर्शनास आलं म्हणे! ते मीच दाखवलं होतं. मी खरं बोलले, त्याचा त्यांनी दोर वळला आणि आमच्याच गळ्यात घातला.

मी पुण्याला गेले. दोन दिवस बसून राहिले तरी भेट झाली नाही. मग औरंगाबादला दुष्काळ आणि आरोग्य या विषयावर एक परिषद होती, तिथं ते बोलणार असल्याचं कळलं. मी कुणी न बोलावता गेले आणि मागच्या खुर्चीवर बसले. संचालक उठले, पडदा उजळला, आणि पडद्यावर आमची छावणी! प्रस्तावाला मीच जोडलेला फोटो, त्यातली कलाची गाय मी ओळखली. त्याखाली रंगीत खांब. मराठवाड्यातल्या छावणीत राहिलेल्या महिलांमध्ये ब्रुसेलाचं प्रमाण किती जास्त, ते खांब दाखवत होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. संचालक म्हणाले, आता याच विषयावर मोठा अभ्यास मंजूर झाला आहे.

मी उभी राहिले. माइक मागितला नाही, मला लागत नाही.

"साहेब, रक्तात घोळ झाला म्हणून तुम्ही अहवाल दिले नाहीत. मग हे खांब कुठून आले?"

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. संचालक ओळखीचं हसले. "ताईजी, एकूण प्रमाण काढायला नावांची गरज नसते. दोन-चार नमुने इकडेतिकडे झाले तरी फरक पडत नाही."

"म्हणजे तुम्हाला छापायला चालतं आणि आमच्या बाईला गोळी द्यायला चालत नाही?"

"गोपनीयतेचे काही नियम असतात..."

"रुक्मिणचा आजार रुक्मिणपासून गुप्त ठेवायचा, हा कुठला नियम? आणि बीडला परत रक्त काढल्यावरही घोळ उरला होता, तर सगळ्यांचं नव्यानं घ्यायला गाडी का आली नाही? तेही जाऊ द्या. ज्यांना ताप आहे त्यांनी सगळ्यांनी तपासून घ्या, एवढा एक निरोप गावाला पाठवायला काय लागलं होतं?"

अध्यक्षांनी घंटी वाजवली. चहाची वेळ झाली म्हणाले. दोन पोरी हात धरून मला बाहेर घेऊन गेल्या, अगदी आदरानं, जिना उतरताना जपा म्हणत.

त्याच आठवड्यात मी रुक्मिणला ओढत बीडला नेलं आणि माझ्या पैशांनी तपासणी केली. नमुना मुंबईला गेला आणि तिथून अहवाल आला. ब्रुसेलाच. तो अहवाल पाहून सरकारी डॉक्टरनं त्याच दिवशी औषध सुरू केलं. पुढं कला आणि इतर बायकांनाही एकेक करून नेलं, बऱ्याच जणी बऱ्या झाल्या. रुक्मिणचाही ताप गेला. पण तिच्या मांडीच्या खुब्याला जंतू इतके दिवस बसून होते की सांधा झिजून गेला होता. मोठ्या दवाखान्यातल्या हाडांच्या डॉक्टरनं फोटो उजेडाला धरला आणि मला विचारलं, "इतका उशीर का केलात?" मला विचारलं त्यांनी. मला!

मेंढरामागं चालणाऱ्या बाईला चालता येत नसेल तर मेंढरं ठेवून काय करायची? त्यांनी कळप विकला. बाजारात सौदा करायला मीच उभी राहिले, भाव चांगला आला. आता ती दारात खाटेवर बसून लोकाच्या गोधड्या शिवते. उठताना भिंतीला हात लावून उठते. परवा तिनं विचारलं, "त्यांना ठाव होतं का गं, शेक्रेटरबाई? माझं?" मी म्हटलं, विचारते.

म्हणून या अंकातून विचारते आहे. संचालकसाहेब, बीडला माझ्या डोळ्यांसमोर काढलेलं, नाव लिहिलेलं, कुणाच्याही अदलाबदलीत न सापडलेलं रुक्मिणचं रक्त तुम्ही कधी तपासलं? त्यात काय निघालं, ते तुम्ही कोणत्या दिवशी वाचलं? आणि वाचून झाल्यावर मला एक फोन करायचा नाही, हे तुमच्यापैकी कुणी ठरवलं? माणसाचं नाव सांगा. तुम्ही शब्द आमच्या समाजमंदिरात दिला होता. उत्तरही तिथंच येऊन द्या, रुक्मिणसमोर, मोठ्यानं.